खरवडलेली तारीख

बाबा, तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी मी बँकेतली नोकरी सोडली आणि बस चालवायला लागले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही कपाळाला हात लावून बसणार नाही. डँडेनॉन्ग स्टेशन ते क्लेटन, दिवसाला पाच-सहा फेऱ्या. कराडच्या हायस्कुलातली नोकरी सोडून या देशात आलेल्या ड्रॉइंगमास्तरांच्या मुलीने खाकी पँट घालून बस हाकावी, हे तुम्हाला रुचलं नसतं. मला रुचतं. उंच सीटवरून सगळा रस्ता दिसतो, आणि चढणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे बघतो. नात तुमची इथेच क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकते. ती कधीतरी मित्रमैत्रिणींना घेऊन माझ्याच बसमध्ये चढते आणि मोठ्याने "धिस इज माय मम" म्हणून सांगते. तिला लाज वाटत नाही, मग मी कशाला वाटून घेऊ?

गेल्या महिन्यात डेपोत एका जुन्या ड्रायव्हरने निवृत्त होताना लॉकर रिकामा केला, तर त्यात एक कोरं तिकीट सापडलं. ते खरवडायचं, दिवसभराचं. चहाच्या टेबलावर ते हातोहात फिरलं. नव्या पोरांना ठाऊकच नव्हतं, तेव्हा म्हाताऱ्यांनी समजावून सांगितलं, की हे कोपऱ्यावरच्या दुकानात आधीच विकत घेऊन ठेवायचं, ज्या दिवशी प्रवास करायचा त्या दिवशी महिन्याच्या आणि तारखेच्या चौकोनावरचा चंदेरी मुलामा खरवडायचा, की दिवसभर ट्रेन, ट्राम, बस कुठेही फिरा. सगळे हळवे झाले. किती साधे दिवस होते, माणसावर विश्वास होता वगैरे. मी म्हटलं, माझ्या बापावर नव्हता. मी कप विसळला आणि शिफ्टला गेले.

तुम्हाला तो शनिवार आठवत असेलच. मी अकरा वर्षांची, शहरातल्या एका मोठ्या शाळेच्या स्कॉलरशिपची परीक्षा आहे. तुम्ही प्लास्टिकच्या कारखान्यातली नाइट शिफ्ट संपवून सकाळी घरी येता, तोंड धुता, शर्ट बदलता आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा पिता. आई माझ्या हातावर दहीसाखर ठेवते. तुमचे डोळे लाल आहेत, पण भांग नीट पाडलेला आहे. ट्रेनमध्ये तुम्ही खिशातून दोन तिकिटं काढता, मोठ्यांचं तुमचं, लहान मुलांचं माझं. बाकीचे लोक नाण्याने कसेबसे घासायचे, तुम्ही कंपासमधलं कर्कटक बाळगायचात. चौकोनाच्या कडा जराही न बिघडवता तुम्ही मुलामा काढायचात, जणू वर्गातल्या फळ्यावर मुलांना दाखवायचं आहे. त्या दिवशी तुम्ही कर्कटक मला दिलंत आणि म्हणालात, तुझं तू कर, आता मोठी झालीस. मी केलं. तुम्ही तुमचं केलंत. कुणी कुणाचं पाहिलं नाही.

शहरात ट्राममध्ये तपासनीस चढला. त्याने माझं तिकीट बघितलं, मग तुमचं, मग पुन्हा माझं. माझ्यावर शनिवारची तारीख होती, तुमच्यावर शुक्रवारची. रात्रभर मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाचा शुक्रवार अजून संपलाच नव्हता, एवढीच गोष्ट. पण तपासनिसाच्या लेखी ते कालचं वापरलेलं तिकीट होतं आणि तुम्ही ते दुसऱ्यांदा चालवत होतात. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, म्हणजे आज तारीख काय आहे ते मुलीला माहीत आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही. मी पुढे झाले. माझं इंग्रजी तोवर तुमच्यापेक्षा सरळ झालं होतं. मी म्हटलं, त्यांची बोटं बघा, पँट बघा, चंदेरी चुरा अजून तिथेच आहे, तिकीट आत्ताच खरवडलंय. तुमच्या उजव्या मांडीवर ती बारीक चमक खरंच दिसत होती. तपासनीस क्षणभर बघत राहिला. मला अजून वाटतं, तो ऐकणार होता. आणि तुम्ही माझा दंड धरून मला मागे ओढलंत. "सॉरी सर. माय मिस्टेक, सर." एकदा नाही, चार-पाचदा. नाव सांगितलंत, पत्ता सांगितलात, त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केलीत. तुमची ती सुंदर, वळणदार सही.

ट्राममधून उतरल्यावर फुटपाथवर तुम्ही मला म्हणालात, "मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही. आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्याने घरच्यांशी वाद घालायचा नसतो."

मी परीक्षेला वीस मिनिटं उशिरा पोचले. स्कॉलरशिप मिळाली नाही. तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात, जागाच फार थोड्या होत्या. मी कुणालाच काही सांगितलं नाही, पण तुमच्याशी महिनाभर नीट बोलले नाही, आणि ते तुम्हाला कळत होतं. त्यानंतर तुम्ही स्टेशनाजवळच्या दुकानात काउंटरवर उभे राहून तिकीट खरवडायला लागलात. खरवडायच्या आधी चौकोनावर बोट ठेवून दुकानदाराला विचारायचात, आज हीच तारीख ना? रोज. दुकानदार ग्रीक होता, भला माणूस, तो रोज मान हलवायचा. मी तुमच्या मागे दप्तर घेऊन उभी असायचे आणि मला ते पाहवत नसे. ज्या माणसाने शाळेच्या भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं दोरी न लावता रंगवली होती, तो दुकानदाराला तारीख विचारत होता.

आई गेली त्याच्या थोडं आधी तिने मला सांगितलं, की तेव्हा आपले कायमच्या वास्तव्याचे कागद व्हायचे होते. नावावर काही लागलं तर परत पाठवतील, ही धास्ती तुम्हाला होती. मला समजलं, बाबा. समजलं म्हणजे पटलं असं नाही. पाहुण्याला कुणी नाइट शिफ्टला उभं करत नाही. पाहुण्याच्या पगारातून कर कापून घेत नाहीत. तुम्ही या देशाच्या बादल्या आणि डबे रात्र-रात्र जागून घडवत होतात. एक वाक्य बोलायचा हक्क तुम्हाला होता, आणि तो तुम्ही स्वतः वापरला नाहीत, मलाही वापरू दिला नाहीत.

ती तिकिटं पुढे बंद झाली. लोक लबाड्या करायचे, मुलाम्यावर काहीबाही चोपडून तेच तिकीट पुन्हा चालवायचे, असं म्हणत. मग मशीनमधली पट्टीची तिकिटं आली, मग प्लास्टिकचं कार्ड, आता लोक फोनच टेकवतात. तारीख आता माणसाने ठरवायची नाही, मशीन ठरवतं. मला त्या जुन्या तिकिटाचं अजिबात प्रेम नाही. पण एक गोष्ट मला कार्ड वापरायला लागल्यापासून टोचते. तुमच्या बाजूने निदान तुमच्या बोटांवरचा चुरा होता. कार्ड खरं बोलतंय की खोटं, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. यंत्र म्हणेल ते.

आता जे सांगायचं आहे ते. माझ्या बसमध्ये एक काका चढायचे. मुलाकडे आलेले, पुण्याचे, सत्तरीचे, हातात कापडी पिशवी. फोनवर मराठीत बोलताना ऐकून मी एकदा विचारलं, तेव्हापासून ते चढताना "काय ताई, बरं आहे ना?" म्हणायचे. त्या आठवड्यात पुढच्या दाराजवळचं कार्डाचं मशीन मधेच बंद पडत होतं. मी नादुरुस्तीच्या वहीत तीनदा लिहिलं होतं. काकांनी कार्ड टेकवलं, स्क्रीन काळाच. पुन्हा टेकवलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बसा काका, मशीन बिघडलंय. पुढच्या स्टॉपवर दोन तपासनीस चढले. त्यांच्या हातातल्या यंत्राने सांगितलं, काकांच्या कार्डावर या प्रवासाची नोंद नाही.

बस अजून स्टॉपवरच उभी होती. मी आरशात बघितलं. काका उठून उभे राहिले होते, पिशवी छातीशी धरून. आणि म्हणत होते, सॉरी सर, सॉरी सर.

मी इंजिन बंद केलं. केबिनचं दार उघडून मागे गेले आणि सांगितलं की ह्यांनी दोनदा कार्ड टेकवलं ते मी पाहिलंय, मशीन बंद आहे, ह्यांना मी बसवलंय, लिहायचं तर माझं नाव लिहा. त्यांतला तरुण शांतपणे म्हणाला, आम्ही फक्त नोंद करतोय, तुम्ही बस चालवा, उशीर होतोय. मी म्हटलं, आधी येऊन मशीन बघा, मग बस हलेल. मागून कुणीतरी वैतागून सुस्कारा टाकला. मग एक बाई म्हणाली, माझंही कार्ड लागलं नाही. मग आणखी दोघं बोलले. काका मात्र माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, जाऊ द्या हो. आपण परक्या मुलखात आहोत."

"काका, मी नाही परक्या मुलखात," मी म्हटलं. "आणि तुम्ही माझ्या बसमध्ये आहात."

मोठा तपासनीस शेवटी पुढे गेला, त्याने स्वतःचं कार्ड मशीनला लावून बघितलं, एकदा, दोनदा. काही झालं नाही. त्याने मशीनचा नंबर लिहून घेतला आणि दोघं उतरले. बस अकरा मिनिटं उभी होती. काकांची नोंद आधीच वर गेली होती, त्यामुळे मुलाच्या घरी नोटीस आली. मी लेखी जबाब दिला, वहीच्या पानांचे फोटो जोडले, आणि नोटीस मागे घेतली गेली. मला डेपोच्या मॅनेजरने बोलावलं. गाडी विनाकारण थांबवली, अशी ताकीद एका पानावर छापलेली होती. माणूस वाईट नाही. पेन माझ्याकडे सरकवून म्हणाला, "जस्ट साइन इट, मेट. नो वरीज." मी म्हटलं, कारण होतं, आणि ते मी तीनदा वहीत लिहिलं होतं. मी सही केली नाही. ते पान माझ्या फायलीत बिनसहीचं पडलं आहे, आणि सकाळची शिफ्ट जाऊन मला आर्वोची, म्हणजे दुपारची, मिळाली आहे. असू दे. नवं मशीन बसलं.

काकांचं सांगायचं राहिलं. मुलाने फोन करून आभार मानले, पण काका पुन्हा माझ्या बसमध्ये चढले नाहीत. दोनदा मला ते स्टॉपवर दिसले. माझी बस बघून फोनमध्ये मान घातली आणि मागच्या बसची वाट बघत थांबले. मला राग आला. घरी येऊन मी मुलीला म्हटलं, बघ, ज्याच्यासाठी भांडले तोच तोंड लपवतो. ती म्हणाली, "मे बी यू स्केअर्ड हिम, मम." असेल. व्हिसा संपून ते आता परत गेले असतील. त्यांना मी आवडावी म्हणून मी बस थांबवली नव्हती. उद्या तसंच झालं तर मी तसंच करेन, आणि तुम्ही समोर बसला असतात तरी केलं असतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. डेपोत सगळे म्हणतात, काय हिंमत, सरळ इंजिनच बंद केलं. तसं नव्हतं, बाबा. काका उभे राहिलेले आरशात दिसले आणि माझा उजवा पाय असा थरथरायला लागला की ब्रेकवर ठरेना. बस घसरेल या भीतीने मी आधी हँडब्रेक लावला, मग इंजिन बंद केलं. उठून मागे जायचं मी त्यानंतर ठरवलं.