नावाड्याचं वाक्य

३ मार्च, मंगळवार

अडकला! पुन्हा तिथेच अडकला. गेमच्या शेवटच्या प्रकरणात नावाड्याचा धाकटा भाऊ दारात येतो, म्हणतो, "चल ना." नावाडी बोलायला तोंड उघडतो – आणि स्क्रीन गोठतो. चार वेळा ते प्रकरण पहिल्यापासून खेळून पाहिलं. चारही वेळा तेच.

गेम बाहेर यायला सतरा दिवस उरलेत. दीड मिनिटाचा प्रसंग, पण अख्खा गेम त्याच्याचसाठी आहे. ओसाड बंदर, पत्रं वाटत फिरणारी पोस्टवाली, सहा तासांचा खेळ – आणि शेवटी कळतं, नावाडी भावाचं पत्र हातात का घेत नाही ते. तेच कळेना झालंय.

घुम्याला फोन केला. "बघतो," म्हणाला. तीन वर्षं आम्ही दोघंच हा गेम करतोय. गोष्ट आणि चित्रं माझी, प्रोग्रामिंग त्याचं. आणि तीन वर्षांत त्याच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द हाच!

५ मार्च, गुरुवार

"बघतो."

८ मार्च, रविवार

नवी फाइल आली. बाकीच्या अकरा चुका दुरुस्त. नावाडी जिथल्या तिथे.

कंटाळला असेल का? दुसरं काही काम मिळालं असेल? दिवसभर त्या दुकानात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो, मग घरी येऊन हे. सोडून जाणार असेल तर तोंडावर सांगेल? कसला सांगतोय!

धीर धरवेना म्हणून मावशीलाच खेळायला बसवलं. नर्सची नोकरी संपल्यापासून ती माझ्याकडेच आहे, आणि जन्मात कधी गेम खेळलेली नाही. पोस्टवालीवर पहिल्या मिनिटापासून खेकसत होती. "लोकांच्या घरात शिरून कपाटं कसली उघडते ही?"

"मावशी, तूच उघडतेयस."

"मी? मी नुसतं बटण दाबलं!"

पत्रं मात्र चष्मा पुसून पुसून वाचली. संध्याकाळी नावाड्यापाशी पोचली. गोठला. मावशीने चष्मा वर सरकवला. "हा बिघडलेला नाही गं. याला बोलायचं नाहीये. वॉर्डात असे पुष्कळ बघितलेत मी."

तेव्हा हसले. आता हसू येत नाही.

९ मार्च, सोमवार

घुम्याच्या कामात मी कधी डोकावत नाही. मला त्यातलं अर्धंमुर्धंच कळतं. आज डोकावले.

नावाड्याचं वाक्य जिथे हवं तिथे रिकामी जागा. चूक नाही – पुसलंय. शेजारी त्याची टीप, बावीस फेब्रुवारीची: "हे मला जमत नाही."

वही काढली. वाक्य मोठ्यांदा वाचलं. "एकटाच जा. दर वेळी मी कशाला?"

हे वाक्य माझं नाही!

दोन वर्षांपूर्वी बसस्टॉपवर उभे होतो. बस येईना. कसं कोण जाणे, घुम्या बोलायला लागला. भाऊ एकोणीस वर्षांचा होता. तलावावर पोहायला चल म्हणून दारात आला. घुम्या कॉम्प्युटरपुढे. मानही न वळवता काय म्हणाला, तेही त्याने सांगितलं. भाऊ एकटा गेला. परत आला नाही. एवढ्यात बस आली. पुन्हा कधी विषय नाही.

लिहिताना मला वाटलं, सुचलं! किती खूश झाले होते. खरंच विसरले होते, की विसरणं सोयीचं होतं? लिहिल्यावर त्यालाच वाचून दाखवलं. त्यालाच! तो म्हणाला होता, "बरंय."

११ मार्च, बुधवार

दोन दिवस फोन हातात घेतला आणि ठेवला. शेवटी दुकानातच गेले. तो एक कीबोर्ड उलटा करून आपटत होता. वर पाहिलंन आणि ओळखलंन.

"बघितलंस?"

"हो. मी... मला आठवलंच नव्हतं रे."

"मी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला. "गेमला नव्हतं सांगितलं."

"काढून टाकते. आजच."

"मग तो काय बोलणार?"

त्याने कीबोर्ड खाली ठेवला.

"तीन आठवडे बसतोय. ते वाक्य टाकलं की त्याचे ओठ हलवून बघावे लागतात. पुन्हा पुन्हा. तू सांग, किती वेळा बघू?"

गिऱ्हाईक आलं. तो तिकडे वळला. मी तशीच बाहेर पडले. माफीसुद्धा धड मागितली नाही!

१२ मार्च, गुरुवार

दहा वाक्यं लिहिली. "मला काम आहे." "नंतर जाऊ." सगळी खोटी. नावाडी नाटकातल्यासारखा बोलतोय.

१४ मार्च, शनिवार

प्रकाशन कंपनीतल्या बाईंना कळवलं – वीस तारखेला गेम येणार नाही. पुढची तारीख? माहीत नाही. त्या म्हणाल्या, "कारण काय लिहू?" मी म्हटलं, माझी चूक लिहा.

घुम्याला मेसेज: "वाक्य काढलंय. तुला विचारायला हवं होतं. नावाडी गप्प राहिला तरी चालेल. गेम नाही झाला तरी चालेल."

वाचलंय असं दिसतंय. उत्तर नाही. मावशी म्हणाली, "जेव आधी."

१६ मार्च, सोमवार

काहीच नाही. "बघतो"सुद्धा नाही. तेवढा एक शब्द आला तरी पुरे होईल आता.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी फाइल आली. सोबत एक अक्षर नाही.

दारात धाकटा. "चल ना." आणि तेच वाक्य, त्याने स्वतः परत घातलेलं. पण आता खाली निवडायला दुसरंही उत्तर आहे: "थांब, चप्पल घालतो."

दाबलं. दोघं भाऊ बाहेर पडले. पुढे नुसता रस्ता, आणि धाकट्याची अखंड बडबड – विनोद, तक्रारी, कुणाकुणाच्या नकला. त्यातलं एक वाक्य माझं नाही. सगळं घुम्याने लिहिलंय.

पाऊण तास चालतेय. तलाव अजून आलेला नाही.