तळ्याचं चित्र आणि ताईची सही

मी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, मोठ्या दुकानात भेटवस्तू बांधून देण्याच्या काउंटरवर एकतीस वर्षे उभी राहिलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तसे लेखी दिले आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही.

१. दोन खोल्यांचे हे घर आणि बँकेतील ठेव भावाच्या मुलीला. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. त्याआधी खिडकीजवळच्या टेबलाशी एकदा बसून बघावे. तिथे उजेड चांगला येतो.

२. चिमटा, तीन मऊ ब्रश आणि रंगांप्रमाणे लावलेल्या टिश्यू पेपरच्या फायलीही तिलाच. दुकानात उरलेले हे पातळ रंगीत तुकडे मी मालकांना विचारून घरी आणत असे. जगातल्या नावाजलेल्या चित्रकारांची चित्रे जुन्या कॅलेंडरांवर बघायची आणि तुकडे चिकटवून ती पुन्हा उभी करायची, हा माझा नाद. कागद हाताने फाडावा, कापू नये. फाटलेली कड खालच्या रंगात मिसळून जाते.

३. सूर्यफुलांचे चित्र कोपऱ्यावरच्या न्हाव्याला. त्याने ते दुकानात लावावे. उन्हाने रंग उडतील, ते उडू द्यावेत. कपाटात ठेवलेले चित्र बघायला कोण येणार?

४. पुलावर उभा राहून किंचाळणाऱ्या माणसाचे चित्र इमारतीच्या सेक्रेटरींना. माझ्या कामाला त्यांनी पोरखेळ म्हटले होते. सभेत त्यांचे भाषण ऐकताना आमचे तोंड कसे होते, ते त्यांना कळावे.

५. कमळांच्या तळ्याचे चित्र वाचनालयाला.

६. माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे ताईला, काहीही ठेवलेले नाही. याचे कारण लिहिणे भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी आजारी पडले, तेव्हा ताई इथे राहून माझे सगळे करत होती. एके सकाळी तिने घर पुसले आणि त्या भरात भिंतीवरचे तळ्याचे चित्रही ओल्या फडक्याने पुसले. टिश्यूचा रंग पाण्याने सुटतो. निळा हिरव्यात गेला, हिरवा गुलाबीत. मी म्हणाले, "तुला पुसण्यापलीकडे आयुष्यात काही आलंय का?" ताईने फडके वाळत घातले, पिशवी उचलली आणि गेली. ती पुन्हा आली नाही. मीही बोलावले नाही.

पुढे वाचनालयात माझी चित्रे मांडली, तर जो तो त्याच तळ्यासमोर थांबे. चित्रकलेच्या एका शिक्षकांनी विचारले, पाणी इतके खरे कसे जमवले? जमले, एवढेच मी म्हणाले आणि शाबासकी खिशात घातली. तेव्हापासून प्रत्येक चित्रात मी कागद मुद्दाम ओला करते. हे ताईच्या फडक्याने शिकवले, हे आजवर कोणालाही सांगितले नाही. ताई, माझे चुकले. तुझी फार आठवण येते.

वकीलबाई म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीदाराला मात्र माझ्यासमोर येऊन बसावे लागते. म्हणून ताईला काही ठेवले नाही आणि साक्षीला बोलावले आहे. तिने सगळी नोकरी कचेरीत काढली. वाचल्याशिवाय ती कशावरही सही करत नाही. माझी सारी भिस्त त्यावरच आहे.

पुरवणी, त्याच दिवशी: ताई जिना चढून आली. चष्मा पुसून तिने सगळे दोनदा वाचले. मग चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि पेन टेबलावर ठेवले.

"मी नाही सही करणार. मला हे तळं हवंय."

वकीलबाईंनीच तोड काढली. चित्र मी जिवंतपणी दिले, तर त्याचा मृत्युपत्राशी संबंध उरत नाही. सबब कलम ५ खोडले आहे. वाचनालयाने समजून घ्यावे.

स्थळ: माझी पुढची खोली
दिनांक: ९ जून २०२५, सोमवार

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई, खालचा मजला (सही)

साक्षीदार २: मोठी बहीण (सही)
चित्र आजच मिळाले. गुरुवारी पुन्हा येते. कागद कसा भिजवतात ते मला दाखव.