ग बाटलीतलं पाणी

आष्टा,
२ मे १९९९

चि. दीक्षास,
आत्याचा जय भीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी ठीक आहे. गुडघा ठीक नाही, पण त्याने माझं कधी ऐकलंय? दादाला सांग, आंबे यंदा महाग आणि वर आंबट.

एस.टी. पार्सलने तीन प्लॅस्टिकच्या बाटल्या पाठवल्या आहेत: क, ख, ग. तू सांगितलंस तशा भरण्याआधी त्याच पाण्याने तीनदा विसळल्या. कुठली कुठे भरली ते लिहिणार नाही. तो कागद लाखेने बंद केलेल्या पाकिटात माझ्याकडे आहे. मी वीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. नंबरावर पट्टी लावून तो झाकल्याशिवाय सख्ख्या भावाचाही पेपर तपासू नये. तुझ्यावर अविश्वास नाही, तुझ्या प्रयोगशाळेतल्या सरांवर आहे. त्यांना मी ओळखत नाही, एवढं कारण पुरे.

तुझे ते कण केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढे, जांभळ्या दिव्याखाली नारिंगी उजळतात आणि पाण्यात तांबं आलं की विझतात, असं तू लिहितेस. डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवायला पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी मला दहा वर्षं शिकवून पाहिलं. आई तिथे आया होती म्हणून मला वर्गात बसू दिलं होतं, पण तेवढ्या उपकारानेही मला ते जमलं नाही. त्यात तुझे कण कॅडमियमचे, म्हणजे विष हुडकायला विषच. असो.

मुद्दा असा. सुट्टीत माझ्याकडे इंग्रजीला येणारी पोरं एप्रिलमध्ये दोनदा ओकून पडली. बुद्धभूषण, आम्रपाली आणि रंगुबाईची नात. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलं. त्यांना एप्रिलमध्ये सगळ्यांनाच ऊन बाधलेलं दिसतं. आपल्या वस्तीच्या विहिरीपासून दीडशे पावलांवर नानासोची शेड आहे. हा मिलिटरीतून सुभेदार होऊन आला. उसाची जमीन होतीच, वर मोटारसायकलच्या सुट्या भागांना तांब्या-क्रोमचा मुलामा चढवायचा धंदा काढला. तिथलं हिरवट पाणी ओढ्यात जातं.

मी वस्तीच्या बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, "ज्याच्या आज्याने आपल्याला पाणवठ्याच्या पायरीवर चढू दिलं नाही, त्याच्या नातवाने आज आपली विहीर नासवली." पुढे कुणी पुरावा मागितला नाही. लोकांनी जाऊन शेडला कुलूप घातलं. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे. सहा कामगार घरी बसलेत, त्यांतले दोन आपलेच.

नानासो येऊन गेला. म्हणाला, "बाई, पान्याचा निकाल येऊंदे. तवर मी गप बसतो." आवाज चढवला नाही, काही नाही. इतका शांत माणूस निर्दोष कसा असेल?

तीनपैकी एका बाटलीच्या शुद्धतेची हमी मी स्वतः देते. ती तुलनेसाठी आहे. निकाल पत्रानेच कळव, कार्डावर नको. पोस्टमन वाचतो.

तुझी आत्या,
अंजना


आष्टा,
१९ मे १९९९

चि. दीक्षा,
जय भीम. तब्येत विचारू नकोस.

तू लिहिलंस: क झगमगीत उजळली, ख निम्मी मंदावली आणि ग साफ विझली. मोठ्या यंत्रावरही तपासलंस, ग मध्ये तांबं निघालं आणि थोडं शिसंही. वर लिहिलंस, "ग कुठलं का असेना, ते पिणं आजच्या आज थांबव."

पाकीट फोडलं आणि तुला चार पानी पत्र लिहिलं. तू बाटल्या बदलल्यास, तुझे सर नानासोचे कुणीतरी लागतात, वगैरे. मग ते फाडलं.

क म्हणजे वस्तीची विहीर. ख म्हणजे शेडजवळचा ओढा. ग म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातला पितळी हंडा.

हंडा मी रोज चिंचेने घासते, बाहेरून त्यात तोंड दिसतं. परवा पहिल्यांदा आत बॅटरी मारली. कल्हई कधीच उडाली आहे, नुसतं उघडं पितळ. दोन वर्षांपूर्वी कल्हईवाला आला होता, तेव्हा चार बायांदेखत मी त्याला म्हणाले, "कथलात शिसं मिसळतोस, मला माहीत आहे." मला काहीही माहीत नव्हतं. त्याने भाता उचलला. "आवं बाई, मग तुमीच करा तुमची कल्हई," म्हणाला आणि गेला. तो पुन्हा या गल्लीत आला नाही.

त्या हंड्यातलं पाणी घेऊन मी सकाळीच लिंबाचं सरबत करून ठेवायची, तेही तसल्याच पितळी पातेल्यात. पोरांना अकरा वाजता द्यायचं म्हणून. माझ्या आईने एक घोट घेऊन "कळकलंय, आंबटात पितळ उतरलंय" म्हणून मोरीत ओतलं असतं. पोरं सांगत होती, "बाई, लय तुरट लागतंय." मी साखर वाढवली.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते. ओकणारी पोरं चार होती. चौथी शिवांजली, नानासोची नात. त्यांच्या घरी स्वतःची बोअर आहे. आपल्या विहिरीचं पाणी तिने कधी प्यायलेलंच नाही. हे मला बैठकीच्या आधीपासून माहीत होतं. तुला चार नावं लिहिली असती तर तू पहिल्याच ओळीत विचारलं असतंस, चौघांनी मिळून काय खाल्लं-प्यायलं? हा प्रश्न मलाही पडला होता. मी तो पुढे येऊ दिला नाही.

काल किल्ली घेऊन नानासोकडे गेले.

"माझ्याकडच्या पाण्याचं तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय. नात माझी हाय."

"मग बैठकीत येऊन बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमच्या घरचं पानी पिऊन आमची पोरगी आजारी पडली, आसं मी म्हनायचं? ह्या गावात? माझा आज्जा त्येच म्हनत हुता की, बाई."

मी ओट्यावर बसले. मग किल्ली पुढे केली आणि तरीही म्हटलं, "पण तुमचा ओढा काही धुतल्या तांदळासारखा नाही. बाटली निम्मी मंदावलीय."

"न्हाई म्हनलोय का? हौद बांधतो गाळायला. तुमी आधी हंडा बघा."

संध्याकाळी बैठकीत उभी राहून सगळं सांगितलं. चौथं नावही. रंगुबाई म्हणाली, "म्हंजे नात माझी तुमच्यापायी वकली, आन आमी त्येच्या नावानं बोंबललो व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. तिच्याच शब्दात म्हणाले.

मी आज्याचं जे बोलले ते खोटं नव्हतं. पाणवठ्याची ती पायरी आईने मला बोटाने दाखवली आहे. पण ती गोष्ट मी माझ्या हंड्यावर झाकण म्हणून ठेवली, आणि तुझ्या वडिलांनी, दादासारख्यांनी, जन्मभर ती सांगितली ती यासाठी नव्हे.

शेड सकाळी उघडली. वर्ग उद्या नऊला आहे. चटया घातल्यात, किती पोरं येतात ते कळेल. शिवांजली येणार असा निरोप आहे, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. योग्यच आहे.

माठ आणलाय. कल्हईवाला हल्ली म्हसवडकडे असतो म्हणतात, त्याला कार्ड टाकलंय. पोस्टमनने वाचलं तरी चालेल.

आज आणखी एक बाटली पार्सल केली, माठातल्या पाण्याची. तिच्यावर पाणी कुठलं ते लिहिलं आहे, आणि खाली कुणाच्या घरचं तेही, पूर्ण नावाने.

तपास. जे निघेल ते सगळ्यांना वाचून दाखवीन.

पट्टी न लावलेली,
तुझी अंजनाआत्या