बुडालेल्या कप्तानाचा आवाज

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण ज्या स्टुलावर चढून तू माळ्यावरचं सामान काढलंस त्याचा एक पाय आखूड आहे, हे मी मागच्या खेपेला सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. असो.

बातमी मोठी आहे, तेव्हा धड खुर्चीत बसून वाच. आमच्या पार्कातल्या ‘बुडालेल्या जहाजाच्या सफरी’वर अ‍ॅनिमेशनचा सिनेमा निघतो आहे. तीच ती, मी सांभाळतो ती सफर. लोक बोटीत बसतात, बोट अंधाऱ्या बोगद्यातल्या पाण्यातून निघते आणि लाकडी कप्तान, पोपट, ऑक्टोपस वगैरे मंडळी दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर ओरडतात. कप्तानाचा आवाज माझा आहे हे तुला ठाऊकच आहे. उद्घाटनाच्या आधी ठरलेला नट आलाच नाही, तेव्हा मी पंपाच्या खोलीत उभा राहून एका दमात म्हटलं होतं, जहाज बुडलं, कप्तान नाही! तेच आजवर वाजतं आहे. कुठल्या नाट्यशाळेत गेलो नाही की कुणाकडे शिकलो नाही. पंप जसा खोलून खोलून शिकलो, तसाच हाही.

आता गोम अशी की, सिनेमात कप्तानाला जो आवाज देतील तोच सफरीतही बसवायचा, असं आमच्या साहेबांनी ठरवलंय. म्हणजे एक तर माझा आवाज पडद्यावर जाणार, नाही तर माझ्याच बोगद्यातून मला हाकलणार. आवाजाची चाचणी पुढच्या महिन्यात, तुमच्याच गावात आहे.

कामात लक्ष लागेना, म्हणून सगळ्या भूमिका आपल्या घरात वाटून टाकल्या. पोपट म्हणजे आत्या. ऐकलेलं सगळं ती पुन्हा म्हणते, शिवाय पदरची भर घालते, म्हणजे पोपटापेक्षा सरसच. ऑक्टोपस आमची ही. फोन, इस्त्री आणि कढई एकदम सांभाळून उरलेल्या पाच हातांनी ती मला कामं दाखवते. देवमासा सिनेमाभर झोपलेला आहे, तिथे भाऊजींना तालमीचीही गरज नाही. आणि तू वादळ. चिडू नकोस. सिनेमात सगळे त्याच्यापुढेच वाकतात.

कप्तानाचं काय ते तूच सांग. मी आपणहून काही बोलत नाही.

लोभ आहे तो गंजू न द्यावा, ही विनंती.

तुझा धाकटा

ता. क. एक दुरुस्ती. तू लिहिलंस की आमची बोट रुळावरून चालते. बोट रुळावरून चालत नाही. पाण्याखाली खोबण आहे, तिच्यातून चालते.


१३ फेब्रुवारी

चि. खुटखुट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र त्याच स्टुलावर बसून वाचलं आणि पडले नाही, हे आधी नोंदवून ठेव.

दुकानात जाऊन तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते इतके हसले की ज्याच्या पायात बूट चढवत होते ते गिऱ्हाईकही हसायला लागलं आणि तेवढ्यात बूट चढला. देवमासा मंजूर आहे, फक्त संवाद म्हणायला उठवू नये, असं म्हणाले. आत्याला पोपटाचं फोनवर सांगितलं. ती भडकली. मी कधी कुणाचं बोलणं इकडचं तिकडे करते का, असं मलाच विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत तिघांकडून माझ्याकडे परत आलं की तू दिग्दर्शक झालास आणि बायकोला घेऊन परदेशी निघालास. पोपट अगदी बरोबर निवडलास हो.

वादळाबद्दल मी चार पानं गडगडले असते, पण गुडघा दुखतो.

आता कप्तान. म्हणे आपणहून काही बोलत नाही! अख्खं पत्र त्या कप्तानाच्या खांद्याला टेकून उभं आहे. मी तुझी बहीण, म्हणून सरळ सांगते. तुझ्या बोटीत बसले तेव्हा कप्तान ओरडला आणि मला पर्स नीट धरावीशी वाटली. भीती नाही वाटली रे. भीती वाटली ती त्या जहाजाच्या तळघराच्या दरवाज्याची. बोट जवळ येते आणि तो आपोआप इतका हळू, इतका करकरत उघडतो की मी ह्यांचा हात धरला. हेच दचकले. हा आवाज आपण आधी कुठेतरी ऐकलाय असं घरी येईपर्यंत वाटत राहिलं, पण आठवेना. मात्र त्या बिजागऱ्यांना तेल घाल बाबा, एखाद्या दिवशी दार बोटीत यायचं.

चाचणीला ये, आमच्याकडेच उतर. सोबत हे येतील. एक दिवस बूट विकले नाहीत तर गाव काही अनवाणी फिरणार नाही.

लोभ आहेच. वादळ आहे, वाढतच जाणार.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहा तारखेला सकाळी पोचतो. चाचणी दुपारी आहे. पर्सचं वाचलं. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

भाऊजी सोबत आले तर हरकत नाही. त्यांनी गरम पाण्याचा थर्मास धरावा आणि कोपऱ्यात बसावं. कुणाच्या पायाचं माप काढू नये. तिथे मोठी माणसं असतील.

जेवायला थंड काही करू नकोस, घशाचं काम आहे.

आहे तो लोभ चाचणीपुरता तरी दुप्पट करावा.

तुझा धाकटा

ता. क. एक दुरुस्ती. माझ्या बिजागऱ्या वाजत नाहीत. माझ्या ताब्यातली एकही बिजागरी आजवर वाजलेली नाही. दरवाजा वाजतो, ही गोष्ट वेगळी.


९ मार्च

प्रिय मेव्हणे,
स. न. वि. वि.

तुम्ही न जेवता गेलात आणि माझ्या चपला घालून गेलात. तुमच्या इथेच आहेत. माझ्या तुम्हाला एक नंबर मोठ्या आहेत, जपून चाला.

हे पत्र मी लिहावं असं तुमच्या ताईचं म्हणणं. ती लिहायला बसली की नुसती गडगडते आणि मग रडते. तेव्हा मी पाहिलं तसं सांगतो.

जहाज बुडतंय आणि कप्तान खलाशांचा निरोप घेतोय, असा कागद त्यांनी तुम्हाला दिला. तुम्ही कॉलरचं बटण लावलंत, छाती भरून श्वास घेतलात आणि वाचलंत. शब्द सगळे बरोबर होते. फक्त शेवटी तुम्ही खलाशांना सांगितलंत, की हात बोटीबाहेर काढू नयेत आणि लहान मुलांना मध्ये बसवावं. ते कागदावर नव्हतं. त्या दिग्दर्शिका बाई भल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, की हा माणूस आता मरणार आहे, तसं म्हणा. दुसऱ्या वेळी तुम्ही बाहेर जायचा रस्ताही सांगितलात, तोही चुकीच्या बाजूला. तिसऱ्या वेळी बाईंनी डोळे पुसले, पण मेव्हणे, ते रडून नव्हे.

आता माझा गुन्हा. मी तुमचा थर्मास मांडीवर घेऊन कोपऱ्यात डोळे मिटून बसलो होतो, देवमाशाला शोभेल असा. माइक तपासायचा म्हणून त्यांनी मला दोन ओळी वाचायला लावल्या. माझं सगळं आयुष्य लोकांच्या पायांशी बसून गेलं. बूट चावत असतो, ते त्यालाही कळत असतं आणि मलाही, आणि मी वर बघून सांगतो, की दोन दिवसांत सैल होईल. खलाशांना मी तसंच सांगितलं, की घाबरू नका, किनारा जवळ आहे. दुसरं मला येतच नाही. तर मशीनवरच्या मुलीने कानावरचं काढून ठेवलं आणि नाक शिंकरलं. मला वाटलं, काही बिघडवलं की काय. वळून पाहिलं तर तुम्ही माझ्या चपला पायात सरकवत होतात.

काल त्यांचा फोन आला. कप्तान मी व्हावं म्हणतात. मी देवमासा आहे असं सांगितलं, त्यांना ते पटलं नाही. तुमच्या बोगद्यात माझा आवाज वाजायचा हे मला बरं वाटत नाही. तुम्ही नाही म्हणा, की मी पक्कं नाही म्हणून टाकतो. रागावणार नाही. शपथ.

आणि एक. तुम्ही निघताना तिथल्या पोराने त्यांच्याकडचा दरवाज्याचा आवाज लावला. तुम्ही दारात थांबून ओरडलात, की हे घरातलं कोरडं कपाट आहे, जहाजाचं भिजलेलं लाकूड असं बोलत नाही. आणि मग तोंडाने तो आवाज काढलात. खोलीतल्या सगळ्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं. बाई विचारतायत, तुमच्या सफरीतला दरवाजा कुणाचा आवाज आहे? मला उत्तर माहीत नाही, पण आता थोडा थोडा संशय येतोय.

लोभ चावत असेल, तर सैल होईपर्यंत सांभाळून घ्यावा.

तुमचा,
थर्मासवाला


२१ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

चपला पार्सलने पाठवल्या आहेत. डावीची टाच बाहेरच्या अंगाने जास्त झिजली आहे. तुम्ही तिरके चालता. बुटांच्या दुकानदाराला हे शोभत नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण पंपाचं काम होतं, असं लिहिणार होतो. पंप उत्तम आहे. मी रुसलो होतो.

परवा पार्क उघडायच्या आधी एकटाच बोटीत बसलो. इतकी वर्षं मी कप्तान भिंतीमागून ऐकला, माणसांच्या जागेवर बसून कधीच नाही. तो ओरडला, आणि भाऊजी, माझा हात खिशाकडे गेला. तिकीट आहे की नाही ते बघायला. माझ्याच सफरीत! ताईला माझ्या वतीने काही सांगू नका, ती डोक्यावर बसेल.

तेव्हा तुम्ही हो म्हणा. मात्र माझ्या अटी आहेत. जहाज बुडलं, इथे थांबायचं. बोट वळायला लागेल तितकं थांबायचं, घाई नाही. कप्तान नाही, हे म्हणताना आवाज चढवायचा नाही, ती माझी चूक होती असं आता वाटतं. रेकॉर्डिंगच्या आधी चहा नको. आणि लढाईच्या प्रसंगात बूट सैल होईलचा सूर लावलात, तर मी तिथे येऊन थांबवेन.

आता दरवाजा. सफर बांधणाऱ्याने मला बजावलं होतं, की या बिजागऱ्या कोरड्या ठेव, करकरल्या पाहिजेत. मला ते जमलं नाही. कोरडी बिजागरी दिसली की मला जेवण जात नाही. मी तेल घातलं. दार असं मऊ उघडायला लागलं की बोटीतली माणसं त्याला वाट दिल्याबद्दल हसून मान डोलवायला लागली. मग काय करणार? पंपाच्या खोलीत जाऊन तो आवाज मीच काढला आणि दाराला जोडून दिला. हे आमच्या हिलाही माहीत नव्हतं. आता कळलंय. मी तोंड उघडलं की ती तेलाची बाटली पुढे करते.

बाईंना सांगा, दरवाजा माझा. पण सिनेमाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्यांमध्ये तो ‘इतर आवाज’ म्हणून जाणार नाही. दरवाजा असं लिहून समोर माझं नाव पाहिजे. आमच्या साहेबांकडून कळलंय, की सिनेमाच्या गोष्टीत हा दरवाजा बोलत नाही, पण कुणाला आत घ्यायचं ते तोच ठरवतो. म्हणजे कप्तानापेक्षा तो जास्त प्रसंगांत आहे. ही नुसती माहिती म्हणून दिली.

लोभाची बिजागरी आता नीट बसली आहे, तशीच राहावी.

आपला,
दरवाजा

ता. क. एक दुरुस्ती. दुसऱ्या वेळी मी बाहेर जायचा रस्ता उजवीकडे सांगितला. जहाजाचा तो उजवीकडेच आहे. त्यांच्या इमारतीचा डावीकडे आहे, त्याला मी काय करू?


२ डिसेंबर

चि. खुटखुट्यास,
अ. उ. आ.

काल सिनेमाचा घरच्या मंडळींसाठीचा खेळ झाला. तू आला नाहीस. बोगद्यात नवा कप्तान बसवायचा होता म्हणे. ठीक आहे.

तुझे भाऊजी स्वतःचा आवाज ऐकून रडले आणि मग देवमाशासारखे झोपले. आत्या प्रत्येक वाक्य आमच्यासाठी पुन्हा म्हणत होती. पुढच्या रांगेतल्या बाईंनी तिला गप्प राहायला सांगितलं, तेही तिने मोठ्याने पुन्हा म्हटलं. पाट्यांमध्ये दरवाज्यासमोर तुझं नाव आलं तेव्हा मी एकटीने टाळ्या वाजवल्या.

पण त्याच्या आधीचं सांगते. दरवाजा पहिल्यांदा उघडला आणि अख्खं थिएटर गपगार झालं. आणि मला आठवलं, हा आवाज मी कुठे ऐकलाय.

आपल्या लहानपणच्या स्वयंपाकघरातलं कपाट. ज्यात आई बिस्किटांचा डबा ठेवायची. मी नुसती त्या खोलीवरून गेले की ते करकरायचं आणि आई आतून ओरडायची, पुन्हा हात घातलास का! डबा रिकामा, बोलणी मला, बिस्किटं बंद मला, आणि तू बाहेरच्या खोलीत पाढे म्हणत बसलेला. एकदा चिडून मी ते कपाट स्वतः उघडून पाहिलं. ते वाजलं नाही. जराही नाही. त्यात भूत आहे अशी माझी समजूत झाली. लग्न होईपर्यंत मी त्या कपाटाला पाठ करून उभी राहिले नाही, माहीत आहे?

म्हणजे स्वतःला गुपचूप चोरता यावं म्हणून तू त्या बिजागऱ्यांना तेल घातलंस. आणि मी जवळून गेले की आडोशाला बसून तोंडाने तो आवाज काढलास. मला धरून द्यायला. इतकी वर्षं!

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, पुरावा काय? पुरावा तूच देशील. दुसऱ्याच्या बोलण्यात चूक राहिलेली तुला बघवत नाही. यातलं काही चुकलं असेल, तर उलट टपाली कळव.

रविवारी मी निघतेय. सांगून निघणारं वादळ आहे, हे माझे उपकार समज.

लोभ आहे की नाही, ते आल्यावर ठरवू.

ताई


६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सिनेमा आवडला हे वाचून आनंद झाला. नवा कप्तान बोगद्यात बसला. काल एक आजोबा बोटीतून उतरताना डोळे पुसत होते. भाऊजींना हे सांगू नकोस, ते दर जोडामागे सांगत बसतील.

बाकी तू जे लिहिलंस, त्याला फार वर्षं झाली. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

स्टेशनवर घ्यायला येतो. गुडघ्यासाठी सरळ पायांचं स्टूल करून ठेवलंय. बिस्किटांचा मोठा डबाही आणला आहे, आणि कपाट उघडंच ठेवलंय.

लोभ पूर्वी होता तेवढा तरी असू द्यावा, ही मनापासून विनंती.

तुझा धाकटा

ता. क. एक दुरुस्ती. तेल नव्हतं, मेणबत्तीचं मेण होतं. तेलाचा आईला वास आला असता.