दुसऱ्या बाराच्या स्प्रिंगबाबत

प्रति,
मा. शस्त्र दुरुस्ती अनुज्ञा अधिकारी,
पश्चिम कक्ष, पालघर.

विषय : शेतीसंरक्षण परवान्यावरील बंदुकीची रिकॉइल स्प्रिंग व तिची जोडणी दुरुस्त करून घेण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचे याच विषयावरील पूर्वीचे सर्व अर्ज. (२) आपल्या कक्षाचा तपासणी अहवाल, लिपिकांच्या अंगठ्याच्या छायाचित्रासह.

महोदया,

१. अर्जदार कृष्णकांत सावे, राहणार वाणगाव, यांची डोंगराच्या पायथ्याशी केळी व सुरणाची वाडी आहे. सुरणावर अर्जदाराचा जितका जीव, तितकाच रानडुकरांचा. सबब अर्जदाराकडे बारा बोअरची अर्धस्वयंचलित बंदूक परवान्याने आहे. ती डुकरांवर नव्हे, हवेत झाडावयाची, ही अट अर्जदारास मान्य आहे. डुकरांनाही ती ठाऊक असावी.

२. सदर बंदुकीचा पहिला बार उडाला की धक्क्याने बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता तुकडा, मागे जातो. त्याला पुन्हा पुढे ढकलून दुसरे काडतूस नळीत बसवणे हे दस्त्याच्या आतल्या रिकॉइल स्प्रिंगचे काम. अर्जदाराच्या पत्नी सौ. जयवंती यांच्या "डोक्याला लावता तेच घाला की, घरचं आहे" या सूचनेवरून अर्जदार कित्येक वर्षे आत खोबरेल तेल सोडत आला. तेल, धूळ व गंज यांचा आत लगदा होऊन स्प्रिंग बसली आहे. बोल्ट मागे जातो तो तिथेच मुक्काम करतो. थोडक्यात, पहिला बार होतो, दुसरा होत नाही. बोईसरचे दुरुस्तीदार आपल्या परवानगीशिवाय दस्ता खोलण्यास तयार नाहीत.

३. डुकरे पहिल्या बाराला पळतात, बांधाआड थांबून दुसऱ्याची वाट पाहतात, आणि तो आला नाही की परत फिरतात. हे सर्व अर्जदाराने पहिल्या अर्जात मांडले. त्यावर कक्षाचे लिपिक श्री. कमलेश म्हणाले, "एक बार उडतो ना काका? मग बंदूक चालू आहे. चालू वस्तूची दुरुस्ती मी कशी लिहू?" अर्जदारास हे पटले.

४. परवानगी येईपर्यंत पर्यायी व्यवस्था म्हणून वाडीचे राखणदार झिपरू यांस दुसऱ्या बाराच्या जागी नेमण्यात आले. अर्जदाराने विहिरीच्या कठड्यावरून पहिला बार काढावा व झिपरू यांनी बांधावर उभे राहून तेलाचा रिकामा डबा बडवावा, अशी कामाची वाटणी होती. नेमणुकीच्या वेळी झिपरू यांनी, "शेट, मी दुसरा बार हाय ह्ये डुकराला कोण सांगल?" अशी शंका काढली. तिचे निरसन करावयाचे राहून गेले. एका दिवेलागणीस मोठा नर डब्याच्या आवाजाकडेच धावून आला व त्याने झिपरू यांची मांडी उभी फाडली. पुढे जखम चिघळून पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. अर्जदाराने माणुसकीच्या नात्याने झिपरू यांस घरी बसून राहण्याची मुभा दिली आहे. डबाही चेपला आहे.

५. ही हकिकत कळवताच श्री. कमलेश तत्परतेने तपासणीस आले. मात्र पाय हा विषय त्यांच्या कक्षाकडे नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले. अर्जदाराने त्यांच्यासमक्ष हवेत बार काढला. बोल्ट मागे अडकला. "बघू," म्हणत त्यांनी आत अंगठा घातला. सबंध हंगामात ज्या स्प्रिंगने कूस बदलली नव्हती, तिने त्याच क्षणी बदलली. अंगठ्याचे नख व खालचा थोडा ऐवज बंदुकीतच राहिला. श्री. कमलेश हे कर्तव्यकठोर असल्याने त्यांनी वाडीतच, डाव्या हाताने, अहवाल लिहिला : "स्प्रिंगमध्ये पुरेसा जोर आढळून आला. दुरुस्तीची आवश्यकता नाही. अर्ज निकाली." झिपरू यांना हे सांगितले असता पाय गेल्यापासून ते प्रथमच हसले, व म्हणाले, "म्हंजे बंदूक चालू, सायेब चालू. मीच तेवढा बिघडलो."

६. काल अर्जदार नवीन दुसरा बार मिळावा म्हणून पाड्यावर जाऊन आला. एकही माणूस घरातून बाहेर आला नाही. झिपरू यांच्या पत्नी लाडकी यांनी मात्र चेपलेला डबा ठोकून सरळ करून ठेवला होता. तो अर्जदाराच्या हाती देऊन त्या म्हणाल्या, "आता तुमीच उबं रावा, शेट. डबा घिऊन जा. पाय आमच्याकडं एकच शिल्लक हाय, तो नाय मिळायचा."

७. त्यामुळे आज संध्याकाळपासून अर्जदाराने कठड्यावरून पहिला बार काढून स्वतःच डबा घेऊन बांधाकडे धावावयाचे आहे. बंदूक बेवारस टाकणे अटीविरुद्ध असल्याने ती गळ्यात अडकवूनच धावावे लागेल. अर्जदाराचे वय अडुसष्ट असून उजवा गुडघा दुखरा आहे. तो नर हयात आहे व वाडीत नियमित येतो.

८. अर्जदाराच्या पूर्वीच्या कोणत्याही अर्जावर 'तातडीचे' असा शेरा नव्हता, याबद्दल कक्षाने नाराजी व्यक्त केली होती. ती रास्त आहे. परंतु तेव्हा बांधावर झिपरू होते, आणि प्रकरण तातडीचे आहे असे अर्जदारास प्रामाणिकपणे वाटत नव्हते. आता वाटते. तरी कृपया आजच, कार्यालय बंद होण्यापूर्वी, परवानगी द्यावी.

आपला नम्र,
व आजच्या तारखेस दोन्ही पायांवर उभा,

(सही)
कृष्णकांत सावे
वाणगाव, दि. १८ नोव्हेंबर २०२४, दुपार