काशाच्या पट्ट्या

सेमारांग, गुरुवार

तीर्थरूप बापाक यांना लेकीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. इबूआईचा गुडघा कसा आहे? तिला ओट्यावर चढून कपडे वाळत घालू देऊ नका.

शाळेत एक गोष्ट घडली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते. आमचे मुख्याध्यापक पाक हार्जोनो म्हणाले, "बाई, पोरांना गामेलानच्या काशाच्या वाद्यांवर कोरियन गाणी वाजवायचीत, पण त्यांचे सूर कीबोर्डशी जुळत नाहीत. तुमचे वडील सूर लावतात ना? मग काशाच्या पट्ट्या घासून द्यायला सांगा की! घरचाच माणूस."

मी म्हणाले, "सर, घासलेला सूर परत येत नाही. कीबोर्डचे सूर बटणाने बदलतात."

रविवारभर बसून मी कीबोर्डच गामेलानला जुळवला. सर ऐकून म्हणाले, "गाणं आजारी पडलंय का?" पोरं खिदळली, "आजारी नाही सर, जावाचं झालंय!" सरही हसले, पण जाताना त्यांनी तुमचा फोन नंबर मागून घेतला.

आता ते तुम्हाला फोन करतील. ईदपासून तुमच्याकडे काम नाही, हे मला ठाऊक आहे. त्यात माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. माझ्या काळजीपोटी तुम्ही होकार द्याल, याचीच भीती वाटते. तसं करू नका. मी चुकले असेन, तर तेवढं मात्र सांगा.

त्यांनी बोलावलं तर जरूर या. पोरांना वाजवून दाखवा. फक्त कानस घरी ठेवून या.

तुमची,
विनार्सिह