सुंदरा घाट चढली

मुंबई, २५ नोव्हेंबर २०२४

ती. हिरामणमामांस, भाचा राजेशचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहितो. आपल्या प्राणिबागेत आता हत्ती ठेवायचे नाहीत असं ठरलं. सुंदराला घाटापलीकडे रानात पाठवणार आहेत, तिथे आणखी हत्तिणी आहेत. इंग्रजांच्या वेळेपासूनच्या या बागेतली ही शेवटची हत्तीण. तुम्ही तिच्या पाठीवर पोरांना बसवून तळ्याला फेरी मारायचात, ते आठवणारे आजोबा अजून येतात. नातवंडं काचेमागच्या पेंग्विनकडे पळतात आणि हे मला विचारतात, हत्तीण कुठंय.

नऊ तारखेला सकाळी ट्रक निघेल. घाटाआधी खोपोलीत पाणी पाजायला थांबू. तुम्ही रिटायर झाल्यापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याचा खिसा सोंडेने चाचपते, तुमचा गूळ शोधते. या, पुन्हा योग नाही.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ या वेळी खोपोलीपर्यंत यावा.

राजेश

कडाव, १ डिसेंबर

चि. राजेशास अ. उ. आ.

पत्र पोचलं. त्या दिवशी भात झोडायला हात चालला नाय. मोकळ्या रानात जाते तर चांगलंच हाय रं, पण काळीज मानत नाय.

ट्रकात आधी तू चढ, मग ती आपसूक येईल. कान हलवायची थांबली तर समज घाबरली. घाटात बिथरली तर गाडी कलंडेल, ध्यानात ठेव.

मी येतो. तांदळाची भाकरी नि गूळ आणतो. तुझी मामी म्हणते, लग्नाला पण तुम्ही एवढी तयारी केली नव्हती.

जपून राहा, हा मामाचा आशीर्वाद.

हिरामण

मुंबई, १४ डिसेंबर

ती. मामांस, सा. न. वि. वि.

सुंदरा सुखरूप पोचली. पण मी रागावलोय. मामी एकट्याच आल्या, म्हणाल्या तुमचा गुडघा धरलाय. लेकीसारखं सांभाळलेलं जनावर कायमचं निघालं आणि तुम्हाला रिक्षा करून येता आलं नाही?

मामींच्या हातून तिने भाकरी घेतली, पण तोंडात घालेना. हुंगत राहिली. मग सोंड वर करून चारी बाजूंना फिरवली. मी गोंजारून कसंबसं शांत केलं तेव्हा तिने ती खाल्ली आणि गाडी हलली. पुढच्या महिन्यात तिला बघायला जाणार आहे. तुम्ही येता का, हे विचारत नाही.

राग ओसरेल. लोभ तेवढा राहू द्या.

राजेश

कडाव, १९ डिसेंबर

चि. राजेशास अ. उ. आ.

रागावलास ते बरं केलंस. गुडघ्याला काय झालं नाय. मी मामीसंगंच आलो नि पंक्चरवाल्याच्या टपरीमागं उभा राहिलो. वारा तिच्याकडनं माझ्याकडं होता, ते बघूनच जागा धरली. मी रिटायर झालो तवा ती दाराला डोकं लावून उपाशी उभी होती, तूच सांगितलंस. खोपोलीत मी दिसलो असतो तर घाटात तिनं गाडी हलवून सोडली असती. म्हणून मामीला खोटं बोलायला लावलं. मी तिला डोळे भरून पायलं. लय रडलो रं. पंक्चरवाल्यानं पाणी आणून दिलं.

एक चूक झाली. भाकरीचं पीठ मीच मळलं, थापलीपण मीच. तिला माझ्या हाताचा वास लागेल हे डोक्यातच आलं नाय. ती मला शोधत होती नि मी टपरीमागं.

आता जाशील तवा कडावला उतरून भाकरी घेऊन जा. मामीच करील. मी चुलीजवळ जाणार नाय.

तुझ्यावरला जीव हाय तसाच हाय.

हिरामण